फॉर्मला कंपोनंटच्या आतलं दिसत नाही

प्रश्न: पासवर्डसाठी मी स्वतःचा कस्टम एलिमेंट, म्हणजे स्वतःचा एचटीएमएल टॅग (कंपोनंट), बनवलाय. शॅडो डॉमच्या, म्हणजे बाकी पानापासून झाकलेल्या त्याच्या आतल्या भागाच्या, आत साधा इनपुट आहे, त्याला रिक्वायर्ड (भरणं सक्तीचं), मिनलेंग्थ (किमान लांबी) सगळं लावलंय, तरी फॉर्म रिकामाच सबमिट होतो आणि सर्व्हरवर पासवर्ड पोचतच नाही. असं का?

उत्तर: रिक्वायर्ड चालतंय हो, पण आतल्या आत. इनपुट शॅडो डॉममध्ये गेला की बाहेरचा फॉर्म त्याला आपला धरतच नाही, म्हणजे त्याची व्हॅल्यूही घेत नाही आणि तो नीट भरलाय का तेही बघत नाही. त्यामुळे फॉर्मला सांगायचं काम तुमच्या कंपोनंटलाच करावं लागतं, आणि माझं स्पष्ट मत आहे की हे येत नसेल तर तो कंपोनंट दहा ठिकाणी वापरायच्या लायकीचा झालेला नाही.

क्लासमध्ये स्टॅटिक 'फॉर्मअसोसिएटेड' ट्रू करा, कन्स्ट्रक्टरमध्ये 'अटॅचइंटर्नल्स' कॉल करा आणि जो ऑब्जेक्ट मिळेल तो सांभाळून ठेवा, फॉर्मशी बोलायच्या मेथड त्याच्यावरच असतात. मग आतल्या इनपुटच्या प्रत्येक 'इनपुट' इव्हेंटला त्याच्या 'सेटफॉर्मव्हॅल्यू'ने फॉर्मला व्हॅल्यू द्यायची आणि 'सेटव्हॅलिडिटी'ला तीन गोष्टी द्यायच्या, आतल्या इनपुटची व्हॅलिडिटी, त्याचा व्हॅलिडेशन मेसेज आणि तो इनपुट स्वतः, म्हणजे एररचा फुगा बरोबर त्याच्यापाशी उघडतो. बाहेरच्या टॅगला नेम द्यायला विसरू नका, नाहीतर व्हॅल्यू जाणार नाही.

आता बरेच जण अडकतात ती जागा. कोणी काही टाइपच केलं नाही तर इव्हेंट येत नाही, आणि इव्हेंट नाही म्हणजे फॉर्मच्या लेखी तुमचा रिकामा कंपोनंट एकदम व्हॅलिड! म्हणून हीच तपासणी 'कनेक्टेडकॉलबॅक'मध्येही (कंपोनंट पानात आला की हा चालतो) एकदा चालवा, आणि 'फॉर्मरीसेटकॉलबॅक'मध्ये (फॉर्म रीसेट झाला की हा चालतो) इनपुट रिकामा करून परत. शॅडो रूट (शॅडो डॉमचं मूळ) बनवताना 'डेलिगेट्सफोकस' ट्रू ठेवा, म्हणजे कंपोनंटला आलेला फोकस आतल्या इनपुटला जातो. कंपोनंटला फोकसच घेता येत नसेल तर क्रोममध्ये सबमिट दाबूनही काहीच होत नाही, फक्त कन्सोलमध्ये कंट्रोल फोकसेबल नाही अशी ओळ येते आणि भरणारा बिचारा बटण दाबत बसतो.

आणि मिनलेंग्थ फक्त माणसाने टाइप केलेल्यावर चालतं, स्क्रिप्टने भरलेल्या व्हॅल्यूवर नाही. सर्व्हरवर तपासणी हवीच, ते वेगळं सांगत नाही. हे सगळं क्रोममध्ये २०१९ पासून, फायरफॉक्समध्ये २०२२ पासून आणि सफारीत २०२३ च्या १६.४ पासून चालतं.

प्रश्न: पासवर्ड आणि 'पासवर्ड पुन्हा टाका' जुळतात का, ही तपासणी कंपोनंटच्या आतच करू का?

उत्तर: नको. कंपोनंटने शेजारच्या खान्यात डोकावायला सुरुवात केली की तो त्या एका पानाचाच होऊन बसतो. लांबी, अक्षरं वगैरे स्वतःपुरते नियम आत ठेवा, जुळणी पानाने करावी. त्यासाठी कंपोनंटला एक मेथड द्या, पान मेसेज देईल आणि मेथड आतून 'सेटव्हॅलिडिटी'त 'कस्टमएरर' ट्रू करेल. मेसेज रिकामा आला तर कस्टमएरर ट्रू करू नका (केलंत तर थेट टाइपएरर येतो), त्याऐवजी आतलीच तपासणी परत चालवा.

जुळणी दोन्ही खान्यांच्या बदलावर चालवा, कारण लोक दुसरा भरून झाल्यावर मागे जाऊन पहिलाही बदलतात. आणि पानातून ऐकताना 'इनपुट' इव्हेंटच ऐका, 'चेंज' शॅडो डॉमच्या बाहेर येतच नाही.