तयार डेस्कटॉपमधला आय५-१०४०० ओव्हरक्लॉक होतो का?

शोरूममधून घेतलेल्या डेस्कटॉपमधला आय५-१०४०० हा इंटेलचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवून, पाच गीगाहर्ट्झवर नेता येईल का, असं विचारलंत. नाही येणार. इंटेलमध्ये साधारणपणे ज्याच्या नावामागे 'के' लागतो त्याचाच मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) मोकळा असतो. तुमचा कुलूपबंद आहे: बेस म्हणजे मूळ वेग २.९ गीगाहर्ट्झ, टर्बोत म्हणजे गरजेला आपोआप वाढला की ४.३, तोही एकाच कोरवर. सगळे सहा कोर एकदम राबले की ४.०. 'के'वाला असता तरी झेड मालिकेचा मदरबोर्ड लागला असता, आणि तयार मशीनच्या बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बहुतेकदा ते पर्यायच दिसत नाहीत.

मला खरी शंका वेगळीच आहे. ते ४.० तरी तुम्हाला मिळतंय का? प्रोसेसर फार तापला की आपला वेग आपोआप कमी करतो. आपल्या इंदूरच्या मे महिन्यात माझ्या भावाचं मशीन गेम सुरू झाला की रडायचं. झाकण काढलं तर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत धुळीची गोधडी, आणि त्या दोघांमधली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. ब्रशने झाडलं, जेल रोडवरून आणलेली पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी लावली, नि ९६ अंशांवरचा प्रोसेसर ७८ वर आला. (वॉरंटी असेल तर झाकण उघडण्याआधी विचारून घ्या.)

एचडब्ल्यूइन्फो हे मशीनची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर लावून काम चालू असताना तापमान आणि क्लॉक (वेग) बघा. रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी टाका. ड्युअल चॅनलचा, म्हणजे दोन पट्ट्या एकत्र चालण्याचा, फरक गेममध्ये लगेच कळतो. आणि बीसीएलके (ज्याला मल्टिप्लायरने गुणून वेग ठरतो तो मूळ क्लॉक) वाढवायच्या व्हिडिओंच्या नादी लागू नका हो.