त्या एका ‘म्हणे’बद्दल

“ताई, मी ओळखीच्या घरी बायकांना जमवून डब्यांचं प्रात्यक्षिक दाखवते आणि ऑर्डरी घेते. एका मैत्रिणीकडे वरचेवर बैठक होते. तिची नणंद दर वेळी येऊन रंगाचा बेरंग करते. मी बोलत असताना टेबलावरचा डबा उचलते, उलटा करून हलवते, ‘दुकानात याहून बरे मिळतात’ म्हणते. गेल्या खेपेला ऑर्डर लिहायला बसलेल्या दोघींनी पेन खाली ठेवलं. मागे तिच्या एका डब्याचं झाकण बसत नव्हतं म्हणे, दोनदा फोनही आला होता, पण तेव्हा माझी फार धावपळ चालली होती. तिला गप्प कसं करू? नणंदेला बोलावू नकोस असं मैत्रिणीला सांगताही येत नाही.”

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या ‘म्हणे’पाशी अडखळले. बसत नव्हतं म्हणे! म्हणजे ते झाकण तू पाहिलंच नाहीस. स्वतः विकलेल्या डब्याबद्दल ऐकीव गोष्टीसारखं लिहितेस, याचा मला राग आला.

अगं, तुझा हा धंदा झाकणावरच उभा राहिलाय. टपरवेअरचे डबे पहिल्यांदा दुकानांत ठेवले तेव्हा फारसे खपेनात, कारण ते झाकण लावायचं कसं हेच गिऱ्हाइकांना उमगत नव्हतं. ब्राउनी वाइज आणि तिच्यासारख्या विक्रेत्या बायकांनी घराघरांत चारजणींना बसवून, झाकण दाबून आतली हवा कशी काढायची ते दाखवलं, तेव्हा खप वाढला. ब्राउनी तर भरलेलं भांडं झाकण लावून सरळ फेकून दाखवायची. १९५१मध्ये कंपनीने दुकानांतला माल काढून घेतला आणि फक्त अशा बैठकांतून विकायचं ठरवलं. तुझी कंपनी निराळी, पण पद्धत तीच. आणि त्या बैठकीत, घरी न बसणारं झाकण असलेली बाई तुझ्या समोर बसते. तुझा अंगठा कडेवरून फिरताना बघते, ‘टक्’ असा आवाज ऐकते. ती डबा उलटा करून हलवणार नाही तर काय करणार?

दुकानातून घेतला असता तर ती पावती घेऊन काउंटरवर उभी राहिली असती. तुझं काउंटर म्हणजे ही बैठकच. फोनवर दाद लागली नाही, म्हणून ती तिथे येते.

शिवाय तो डबा तिने घेतला असेल तो वहिनीच्या शब्दाखातर. त्यावरून तुझ्या मैत्रिणीला घरात काय काय ऐकावं लागलं असेल, याचा विचार कर. तिने तुला त्यातलं काही सांगितलेलं दिसत नाही.

तिला मागे बसव, प्रश्न शेवटी घे, अशा युक्त्या मला ठाऊक आहेत. एकही सांगणार नाही. पुढची बैठक ठरवण्याआधी तू तिच्या घरी जा. तो डबा मागून घे आणि तिच्यासमोर झाकण स्वतःच्या हाताने लावून बघ. बसलं नाही तर तिथल्या तिथे नवा डबा दे. कंपनीने बदलून दिला तर ठीक, नाही तर पैसे तुझे गेले. तिने जुना कधीच टाकून दिला असेल, तरी नवा दे. ती मुळातच खवचट असेलही, पण डबा तरी तिला धड मिळायला हवा.

धावपळीचं कारण तिथे सांगू नकोस. ‘तुमचे फोन आले होते, मी लक्ष दिलं नाही, माझं चुकलं’ एवढंच म्हण. आणि जाताना कॅटलॉग, ऑर्डरची वही, सगळं घरी ठेवून जा.