वाघ पाहायला जाताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आखाजी झाल्यावर ताडोब्याला जायचं ठरतंय. आम्ही सहा जण, त्यात आई-वडील वयस्कर. एका सफारीत वाघ दिसेल का? (वाचक, अमळनेर)

उत्तर : एका फेरीवर भिस्त ठेवू नका. किमान तीन फेऱ्या धरा, सकाळच्या आणि दुपारच्या मिळून. वेळ मात्र उत्तम निवडली आहे. मे महिन्यात गवत वाळलेलं असतं, सागाची पानं गळलेली असतात, त्यामुळे नजर आतपर्यंत पोचते. लहान नाले आटले की जनावरं उरलेल्या पाणवठ्यांवर येतात. वाघही उन्हाच्या वेळी पाण्यात बसून राहतो.

आधी गेट ठरवा, मग मुक्काम. बुकिंग मोहर्लीचं आणि खोली कोलाऱ्याला, असा घोळ अनेकांचा होतो. ही दोन्ही गेटं जंगलाच्या वेगवेगळ्या बाजूंना आहेत; पहाटे तेवढं अंतर कापून गेट उघडायच्या वेळी पोचणं कठीण. मंगळवारी कोअर (जंगलाचा आतला, गाभ्याचा भाग) बंद असतो, हे तारीख ठरवतानाच बघा. बुकिंग वन विभागाच्या संकेतस्थळावरूनच करा. ज्या ओळखपत्राचा नंबर दिला, तेच मूळ कार्ड प्रत्येकाजवळ हवं, झेरॉक्सवर अडवतात. एका जिप्सीत (सफारीच्या उघड्या जीपमध्ये) सहा पर्यटक बसतात, म्हणजे तुमची एकच गाडी पुरेल. आई-वडिलांना मागच्या उंच बाकावर बसवू नका, धक्के तिथेच जास्त लागतात. आत मनाला येईल तिथे उतरता येत नाही, म्हणून लघवीला जाऊनच निघा. पण त्या धास्तीने पाणी पिणं टाळू नका. विदर्भातलं मे महिन्याचं ऊन आपल्या भुसावळपेक्षा सौम्य नाही.

जळगाव-भुसावळहून नवजीवन एक्स्प्रेस थेट चंद्रपूरला जाते. तिथून मोहर्ली जवळ पडतं.

आत गेल्यावर ड्रायव्हरला गाडी पळवायला लावू नका. बहुतेकांची फेरी त्यानेच वाया जाते. वाघाच्या पंजांचे ताजे ठसे (पगमार्क) दिसले किंवा कॉल, म्हणजे धोका जाणवल्यावर हरणांनी दिलेला इशाऱ्याचा आवाज, आला की इंजिन बंद करून थांबा. चितळ लहानसहान गोष्टीनेही ओरडतं. सांबर सहसा उगाच ओरडत नाही. सांबराचा कॉल पुन्हा पुन्हा येत असेल, तर अर्धा तास गेला तरी जागा सोडू नये. दुसरीकडे वाघ दिसल्याची बातमी ऐकून धावलात, तर तिथे बहुधा गाड्यांची रांगच दिसते.

प्रश्न : एवढं लांब जाण्यापेक्षा पाल-यावलला वाघ दिसणार नाही का? (वाचक, चोपडा)

उत्तर : वाघासाठी म्हणून जाऊ नका. यावल अभयारण्य सातपुड्यातलं सुंदर जंगल आहे; पक्षी, झाडं, डोंगर पाहायला जरूर जा. मुक्ताईनगर तालुक्यातल्या वढोदा-डोलारखेडा भागात वाघ आहे, कधी केळीच्या बागांपर्यंतही येतो. पण तिथे ताडोब्यासारखी सफारीची सोय नाही. कुणी दिसल्याचं सांगितलं म्हणून रात्री मोटारसायकलवर बॅटरी मारत फिरणं जिवावर बेतू शकतं, आणि वाघालाही त्याचा त्रास होतो. शेतात वाघ किंवा ताजे ठसे दिसले, तर गर्दी न जमवता वन विभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा.