गच्चीवरच्या वेलाला दुधी का धरत नाहीत?

तुम्ही विचारलंय की ड्रममधल्या दुधीच्या वेलाला फुलं भरपूर येतात, पण बोटाएवढे झालेले दुधी पिवळे पडून गळतात, तर खत कमी पडतंय का?

खत अजिबात वाढवू नका. युरियानं वेल माजेल, पानं होतील आणि नर फुलंच जास्त येतील. गळलेल्या दुधीवर फळमाशीचा डंख आहे का ते एकदा बघून घ्या. तो नसेल, तर मादी फुलांपर्यंत पराग पोचत नाहीये. माझ्या गच्चीत दोन पावसाळे हेच झालं होतं.

दुधीच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. लांब, सडपातळ देठावरचं फूल नर. ज्याच्या बुडाशी मऊ लव असलेला इवलासा दुधी दिसतो, ते मादी. तो इवलासा दुधी म्हणजे अजून फळ नव्हे, ते फुलाचं अंडाशय आहे. आत बीजांडं, म्हणजे ज्यांच्या पुढे बिया होतात ते कण, दाटीनं बसलेली असतात. पाकळ्यांच्या मधोमध बोट हलकेच लावून बघा, जाडसर, किंचित चिकट पाळ्या लागतील. ती कुक्षी. तिच्यावर पडलेल्या परागकणाला बारीक नळी फुटते आणि ती थेट बीजांडापर्यंत उतरते. एका बीला एक परागकण लागतो, त्यामुळे थोडक्या परागावर भागत नाही. पराग कमी पडला की दुधी एका बाजूनं बारीक, वाकडा होतो. काहीच पडला नाही, तर वेल ती कळी सोडून देतो.

हा पराग चिकट असतो, वाऱ्यानं उडत नाही. शिवाय दुधीचं फूल उमलतं संध्याकाळी. दिवसा फिरणाऱ्या मधमाशांपेक्षा त्याची भिस्त रात्रीच्या पतंगांवर जास्त. उंच गच्चीवर ते येतीलच असं नाही.

म्हणून हे काम आपणच करायचं. दिवेलागणीला नुकतंच उमललेलं नर फूल देठासकट खुडा, पाकळ्या काढून टाका. मधला पिवळसर दांडा मादी फुलाच्या तिन्ही पाळ्यांवर हळुवार फिरवा, पराग सगळीकडे लागला पाहिजे. एका मादी फुलाला दोन नर फुलं वापरलीत तर उत्तमच. सकाळवर ढकलू नका, तोवर फूल मलूल होतं.

दोडकाही संध्याकाळचाच. काकडी, कारलं, लाल भोपळा यांचं मात्र सकाळी लवकर उरकायचं. आणि कर्टोली लावणार असाल तर नर आणि मादी वेल निरनिराळे असतात, दोन्ही हवेत. एकट्या मादी वेलाला कितीही जपलंत तरी कर्टोली धरणार नाहीत.

चार-पाच दिवसांत दुधीचा देठ जाड होऊन खाली झुकला आणि अंगावर हिरवी तकाकी आली, की धरला समजा.