रक्त नेलं, रिपोर्ट कुठे आहे?

प्रश्न : मी धडगाव तालुक्यात आशा आहे. जानेवारीत शहरातल्या एका कॉलेजची टीम सिकलसेलच्या, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या, अभ्यासासाठी आली होती. तीन दिवस मी त्यांना पाड्यापाड्यांवर फिरवलं. माझ्या शब्दावर बायांनी रक्त दिलं. "महिन्याभरात रिपोर्ट देतो" म्हणाले. आठ महिने झाले, आता फोनही उचलत नाहीत. बाया मला विचारतात, "आमचं रक्त विकलं का गं?" त्यात आता दुसऱ्या संस्थेची टीम येणार आहे. त्यांना नाही म्हणू का? साहेब नाराज होतील अशी भीती वाटते.

उत्तर : ताई, बायांचा प्रश्न रास्त आहे. रक्त नेणारे निघून गेले आणि तोंड द्यायला तुम्ही मागे राहिलात, याचं मला फार वाईट वाटतं. सव्वीस वर्षं मी अशा सर्वेक्षणांत काम केलं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक कागद शोधा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्त देणाऱ्या प्रत्येकीला माहितीपत्रक मिळायला हवं. त्यावर मुख्य संशोधकाचा आणि त्या संस्थेच्या नीतिमत्ता समितीचा (अभ्यासात माणसांवर अन्याय होत नाही ना, हे पाहणाऱ्या समितीचा) पत्ता असतो. कुणीतरी पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाबरोबर तो जपून ठेवला असेल. सापडला तर समितीच्या अध्यक्षांना मराठीतच पत्र लिहा : कोणत्या तारखेला, कोणत्या पाड्यावर, किती जणींचं रक्त नेलं, काय कबूल केलं होतं. स्पीड पोस्टाने पाठवा, एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या. कागद एकाही घरात नसेल तर तीच पहिली तक्रार लिहा, आणि पत्र कॉलेजच्या पत्त्यावर पाठवा.

रिपोर्टसाठी धरून बसा, कारण त्यावर घरंच्या घरं अवलंबून आहेत. गावात होते ती साधी चाचणी रक्तात सिकलचा दोष आहे एवढंच सांगते. बाई वाहक आहे (स्वतः आजारी नाही, पण दोष मुलांकडे जाऊ शकतो) की रुग्ण, ते पुढच्या तपासणीत कळतं. रुग्ण असेल तर औषध सुरू करता येतं. नवराबायको दोघंही वाहक असतील तर दर बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. लग्नाला आलेली मुलगी घरात असताना आठ महिने वाट पाहायला लावणं हा अन्याय आहे.

पण रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात द्यायला सांगा. आमच्या टीमने एकदा शाळेच्या ओट्यावर यादी मोठ्याने वाचली. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे समजावून सांगायला आम्हाला अर्धा तास मिळाला असता, तो आम्ही घेतला नाही. पंधरा दिवसांत एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. तिची आई माझ्याशी पुन्हा कधी बोलली नाही. ती चूक माझी होती.

आता नव्या टीमचं. सरसकट नाही म्हणू नका, आधी विचारा : येणार कधी? तुमच्याकडची निम्मी माणसं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात. मग जानेवारीत रक्त दिलं कुणी? म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या आणि आश्रमशाळेतली पोरं. होळीला सगळे परततात, तेव्हा या म्हणा. तेही संध्याकाळी, म्हणजे कुणाचा रोज बुडणार नाही. आणि दरवेळी डांबरी रस्त्यालगतचाच पाडा का, हेही विचारा. चालत जावं लागतं त्या पाड्यावरची बाई मोजलीच गेली नाही, तर तिच्यासाठी औषध येणार तरी कसं?

संमती तुमच्याकडच्या पावरी बोलीत घ्यायला लावा. मी एका आजीपुढे सहा पानांचा मराठी फॉर्म वाचला होता. ती शांतपणे ऐकत होती. शाईचा पॅड पुढे केला तशी तिने हात पदराखाली घेतला आणि विचारलं, "जमिनीचा तर नाही ना?" तिच्या सासऱ्याने असाच एक अंगठा दिला होता. तिथून पुढे मी कागद बाजूला ठेवून आधी बोलायला शिकले. अंगठा घेताना टीमबाहेरचा साक्षीदार लागतो, आणि नको वाटलं तर मधूनच थांबता येतं, हे पावरीत सांगा.

तुमचे तीन दिवस फुकट गेले असतील तर तेही बोला. वाटाड्याची, दुभाष्याची मजुरी अभ्यासाच्या खर्चात धरायला लावा.

हे सगळं जमण्यासारखं आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 39 गावांतल्या बायांनाच नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. त्या अभ्यासात बालमृत्यू मोजतानाच बाळं वाचत होती. 1999 साली तो अभ्यास जगभर वाचला गेला, आणि शिकलेल्या बाया गावातच राहिल्या.

साहेबांच्या नाराजीचं ओझं एकटीने घेऊ नका. हे प्रश्न ग्रामसभेत मांडा, ठराव करा आणि टीमच्या हातात ठरावाची प्रत द्या. समितीला लिहायच्या पत्राचा मसुदा हवा असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा, मी लिहून पाठवते.