‘वाग्गेयकार’ की ‘संगीतकार’?

शास्त्रीय गायक जगन्नाथबुवा पुरोहितांच्या बंदिशींच्या, म्हणजे रागात बांधलेल्या गीतांच्या, कार्यक्रमाची पत्रिका छापायची आहे. तिथे बुवांना ‘संगीतकार’ म्हणावं की ‘वाग्गेयकार’, असा प्रश्न आहे. विचारणाऱ्यांना दुसरा शब्द जड वाटतो.

जड असला तरी इथे तोच हवा. आज मराठीत ‘संगीतकार’ म्हटलं की कवीच्या शब्दांना चाल लावणारा माणूस समोर येतो. बुवांच्या बंदिशींत शब्दही त्यांचे आणि चालही त्यांचीच. वाक् म्हणजे बोल, गेय म्हणजे गायचं ते. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात व्याख्याच दिली आहे: ‘वाचं गेयं च कुरुते यः स वाग्गेयकारकः’, म्हणजे बोल आणि गेय दोन्ही करतो तो वाग्गेयकार. तो शब्दांना ‘मातु’ म्हणतो आणि स्वररचनेला ‘धातु’. शार्ङ्गदेव देवगिरीच्या यादवांच्या पदरी होता. त्यामुळे हा शब्द दक्षिणेकडून उसना आणलेला नाही. कर्नाटक संगीतातल्या त्यागराजांसारख्या रचनाकारांच्या संदर्भात तो तिकडे रोजच्या बोलण्यात राहिला, आपल्याकडे मागे पडला, एवढंच.

बुवा (१९०४–१९६८) आग्रा घराण्याचे, विलायत हुसेन खाँसाहेबांचे शागीर्द. खाँसाहेब ‘प्राणपिया’ या नावाने रचना करत, बुवा ‘गुणीदास’ या नावाने. रचनेत गुंफलेल्या अशा नावाला ‘मुद्रा’ म्हणतात. बोल आणि चाल दोन्ही आपली, असं सांगणारी ती सहीच.

जोगकंस राग घ्या. जोग रागातले दोन्ही गंधार (शुद्ध आणि कोमल ‘ग’) आणि चंद्रकंस रागातला शुद्ध निषाद (‘नी’) एकत्र नांदवून बुवांनी हा राग उभा केला. त्यातली त्यांची विलंबित (संथ लयीतली) बंदिश ‘सुघर बर पाया’ आणि द्रुत (जलद) ‘पीर पराई’ आज घराण्यांच्या भिंती ओलांडून गायल्या जातात. ‘पीर पराई’ नुसतं म्हणून बघा: ‘प’ आणि ‘र’ लगोलग पुन्हा येतात, आणि दोन्ही शब्दांतला दीर्घ ‘ई’ सूर लांबवायला मोकळा सापडतो. दुसऱ्याची पीडा न जाणणाऱ्या बालमाविषयीची (प्रियकराविषयीची) तक्रार त्या लांबवलेल्या ‘ई’वरच उभी राहते. गळ्याला काय हवं हे ठाऊक असलेल्या माणसानेच शब्द निवडले आहेत, हे इथे ऐकू येतं. मला वाग्गेयकाराची खरी ओळख इथे पटते.

‘बंदिशकार’ही चालेल, तो सोपा आहे आणि चुकीचा मुळीच नाही. पण राग नवा बांधला, हे दोन्ही शब्दांत येत नाही. ते पत्रिकेत वेगळं सांगा.

शार्ङ्गदेवाकडे आणखी एक नाव आहे, ‘कुट्टिकार’: दुसऱ्याच्या धातूवर आपले शब्द बसवणारा. तयार बंदिशींच्या चालींवर पदं लिहिणाऱ्या आपल्या नाटककारांना हा शब्द नेमका लागू पडतो, पण मराठीत तो रुळलाच नाही.

लिहिताना मात्र ‘वागेयकार’ नको. वाक् + गेय असा संधी आहे, म्हणून ‘ग्ग’ जोडाक्षरच.