बांबूची पहिली सायकल फ्रेम करताय? मग एवढं बघा

भाऊ, वजन कमी होईल म्हणून बांबू घेत असाल तर थांबा. अॅल्युमिनिअमची फ्रेम बहुतेक वेळा हलकीच भरते. स्टील मोडलं तर धडगावातही वेल्डर सापडतो, बांबूचा सांधा उकलला तर दुरुस्ती तुम्हालाच करायची. बांबूची खरी मजा खडबडीत रस्त्यावर कळते: हादरे मुरतात, हाताला मुंग्या येत नाहीत. आणि हे खूळ नवीन नाही, इंग्लंडात 1894 पासून चालू आहे.

बांबूच्या जातींत सातपुड्यातली मानवेल उत्तम. जाड भिंतीची, जवळजवळ भरीव. काठी तीन वर्षांपुढची, हिवाळ्यात तोडलेली हवी. कोवळ्या काठीत पिष्ट जास्त, भुंगा लागतो. बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवा.

नवशिके हमखास चुकतात ते इथे:

- काठी उन्हात वाळवणं. आपल्याकडच्या मे महिन्यात ती उभी चिरते. सावलीत, वाऱ्याला, काही महिने ठेवा. घाई नको म्हणजे नकोच.
- सांध्याजवळची चकचकीत साल न घासणं. त्या गुळगुळीत सालीवर इपॉक्सी (सांधा चिकटवणारं रेझिन) धरत नाही. पॉलिश पेपरने खरखरीत करा, मगच इपॉक्सीत भिजवलेला ताग सांध्यावर गुंडाळा.
- साच्याशिवाय, म्हणजे काठ्या नेमक्या जागी धरणाऱ्या चौकटीशिवाय, जोडणी. चाकं एका रेषेत येत नाहीत.

पॅडल, हँडल आणि मागचं चाक फ्रेमला जिथे जोडतात तिथे धातूचेच भाग बसवा. जुन्या स्टील फ्रेममधून कापून घेतलेले चालतात. तयार सायकल पत्र्याच्या शेडखाली तापत ठेवू नका, साधं इपॉक्सी मऊ पडतं.

गिअर, डिस्क ब्रेक वगैरे नंतर बघू. आधी काठ्या मिळवा आणि फोटो टाका.